गिब्सटाउनचं ओंडक्यांचं घर : एका 'सर्वांत जुन्या'चा पंचनामा

२०१७ साली न्यू जर्सीतल्या गिब्सटाउन नावाच्या गावात एक घर विकायला निघालं. मागितलेली किंमत २९ लाख डॉलर. घराचा मूळ भाग १६ फूट बाय २२ फूट, म्हणजे ३५२ चौरस फूट. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनात मिळणाऱ्या ३०० चौरस फुटांच्या घरापेक्षा थोडासाच मोठा. वर अट अशी, की वयोवृद्ध मालक नवरा-बायको तिथेच राहणार आणि आजवर दाखवत आले तसं घर येणाऱ्यांना दाखवत राहणार. बातम्यांचा सूर एकच होता : अमेरिकेतल्या सर्वांत जुन्या लॉग केबिनांपैकी, म्हणजे ओंडक्यांच्या घरांपैकी, एक विक्रीला!

घराचं नाव सी. ए. नॉथनेगल लॉग हाउस. नॉथनेगल हे बांधणाऱ्याचं नाव नव्हे, फार पुढच्या काळातल्या एका मालकाचं आहे. बांधलं ते डेलावेअर नदीच्या काठी आलेल्या फिनिश किंवा स्वीडिश लोकांनी. सांगितला जाणारा काळ १६३८ ते १६४३, म्हणजे इकडे शिवाजी महाराज आठ ते तेरा वर्षांचे होते तेव्हाचा. १९७६ मध्ये हे घर अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत, नॅशनल रजिस्टरमध्ये, दाखल झालं. न्यू जर्सीतल्याच एडिसन गावच्या मराठी वस्तीतून निघालं तर दीड तासाच्या आत गाडी तिथे पोचते, पण आपल्या लोकांची गाडी सहसा त्याच रस्त्याने फिलाडेल्फियाची घंटा बघायला जाते.

या प्रकरणात मला खुपतात ते 'सर्वांत जुनं' हे दोन शब्द. घराच्या वारशाला जेवढे आधार आहेत त्यांतला सगळ्यांत कच्चा आधार तोच, आणि किमतीचा डोलारा नेमका त्याच्यावर उभा केला गेला.

बांधणारे कोण होते

१६३८च्या मार्चमध्ये 'काल्मार निकेल' आणि 'फोगेल ग्रिप' ही दोन जहाजं डेलावेअर नदीत शिरली. झेंडा स्वीडनचा, पण मोहिमेचा म्होरक्या पीटर मिनुइट. पूर्वी डच वसाहतीचा गव्हर्नर असलेला, मॅनहटन बेट विकत घेणारा म्हणून इतिहासात गेलेला. आजच्या विल्मिंग्टनमध्ये त्यांनी एक गढी बांधली आणि तिला स्वीडनच्या अकरा वर्षांच्या राणीचं, क्रिस्टिनाचं नाव दिलं. जमीन तिथल्या मूळ रहिवाशांची, लेनापे लोकांची होती. त्यांच्या प्रमुखांकडून लिहून घेतलेल्या कागदांवर ही वसाहत उभी राहिली. त्या कागदाचा अर्थ दोन्ही बाजूंना एकच वाटत होता का, हा वाद तेव्हापासूनचा. वसाहत टिकली १७ वर्षं. १६५५ मध्ये डचांनी ती घेतली, १६६४ मध्ये इंग्रजांनी डचांकडून. माणसं कधीच काही शेकड्यांच्या वर गेली नाहीत.

पण 'स्वीडिश वसाहत' म्हणताना एक गोष्ट झाकली जाते. या माणसांतले बरेचसे फिन होते आणि त्यातही जंगलफिन. पूर्व फिनलंडमधल्या सावो भागातून हे लोक आधी स्वीडनच्या वेर्मलांड, डालार्ना अशा जंगली मुलखांत येऊन वसले होते. त्यांची शेती म्हणजे आपल्याकडची कुमरी : झाडं पाडायची, वाळवायची, जाळायची, राखेत राय हे धान्य पेरायचं, काही पिकं घेऊन पुढे सरकायचं. सुरुवातीला राजाला ते हवे होते, कारण ओसाड जंगलातून कर मिळू लागला. मग लोखंडाच्या भट्ट्या वाढल्या. भट्ट्यांना कोळसा हवा, कोळशाला जंगल हवं, आणि ज्यांना बोलावून आणलं तेच लोक जंगलाचे गुन्हेगार ठरले. सतराव्या शतकाच्या मध्यावर जाळपोळीच्या शेतीवर कायद्याचे निर्बंध आले, आणि त्या गुन्ह्यात सापडलेल्या काही फिनांना थेट अमेरिकेच्या जहाजात बसवलं गेलं. सह्याद्रीतल्या कुमरीवर इंग्रजांच्या जंगलखात्याने आणलेल्या बंदीची हकीकत ज्यांना माहीत आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

म्हणजे हे घर बांधणारे बहुधा दोनदा स्थलांतर झालेल्या घराण्यांतले होते. त्यांच्यासोबत सामान फारसं नव्हतं. कुऱ्हाड होती, आणि कुऱ्हाडीने काय करायचं हे हाताला माहीत होतं. इंग्रज वसाहतवाल्यांना ते माहीत नव्हतं. मॅसॅच्युसेट्स आणि व्हर्जिनियातले पहिले इंग्रज लॉग केबिनात राहिले, ही अमेरिकेची लाडकी समजूत १९३०च्या दशकात हॅरोल्ड शर्टलेफ या अभ्यासकाने पुराव्यांनिशी मोडून काढली. इंग्रजांनी आपल्या सवयीप्रमाणे लाकडी चौकटींवर फळ्या ठोकून घरं बांधली. आडवे ओंडके एकावर एक रचून कोपऱ्यात गुंफायची रीत आली ती उत्तर युरोपातल्या या लोकांबरोबर, आणि पुढे अठराव्या शतकात जर्मन भाषकांबरोबरही. टेरी जॉर्डन आणि मॅटी कॉप्स या दोन भूगोलज्ञांनी तर १९८०च्या दशकात असं मांडलं, की पश्चिमेकडे सरकत गेलेल्या अमेरिकन वसाहतीची सगळी रीतच, घर, नागमोडी कुंपण, जाळून साफ केलेली जमीन, डेलावेअरच्या फिनांकडून उचललेली आहे. हे सगळ्यांना पटलेलं नाही. जर्मनांचा वाटा मोठा मानणारे बरेच आहेत. मला स्वतःला ती मांडणी थोडी ओढून नेलेली वाटते, पण तिने 'स्वीडिश' या शब्दाआड गेलेल्या फिनांना पुढे आणलं, हे खरं.

भिंतच काय सांगते

ओंडके ओकचे, चारी बाजूंनी तासलेले. कोपऱ्यात खिळा नाही. प्रत्येक ओंडक्याचं टोक कबुतराच्या पसरलेल्या शेपटीसारखं कापलंय आणि ते वरच्या-खालच्या ओंडक्याच्या तशाच कापात बसतं. असा सांधा एकदा बसला की ओंडका बाहेर ओढून निघत नाही. वरून जितकं वजन पडेल तितका तो घट्ट होतो. नुसती गोल खाच पाडून ओंडके एकमेकांवर ठेवणं घाईचं काम. हे घाईचं काम नाही. ज्याने हे कोपरे कापले त्याला इथे राहायचं होतं, रात्र काढायची नव्हती.

चूल कोपऱ्यात आहे. मधोमध किंवा आडव्या भिंतीला नाही, कोपऱ्यात. तिच्या जुन्या विटा जहाजाचा तोल राखायला तळाशी भरलेल्या वजनातून आल्या, असं सांगतात. तपशील लहान वाटेल, पण इंग्रज घरात चूल अशी नसते, आणि सतराव्या शतकात या भागातून गेलेल्या एका परक्या माणसाला नेमकं हेच डोळ्यात भरलं होतं.

तो माणूस यास्पर डांकर्ट्स, एका धार्मिक पंथाचा डच प्रवासी. १६७९च्या नोव्हेंबरात तो गिब्सटाउनच्या वरच्या अंगाला, बर्लिंग्टनजवळ होता. इंग्रजांच्या फळ्यांच्या घरात विस्तवाला चिकटून बसल्याशिवाय ऊब मिळेना. मग स्वीडिश धाटणीच्या घरात मुक्काम झाला. त्याने लिहून ठेवलंय : अख्खी झाडं मधून फाडून किंवा चौकोनी तासून एकावर एक रचलेली, टोकापासून फूटभर आत खाचा पाडून एकमेकांत अडकवलेली, सगळ्या घराला एक खिळा नाही, दारं रुंद पण इतकी बुटकी की वाकून आत जावं लागतं, घर घट्ट आणि उबदार, आणि धुराडं कोपऱ्यात. जमिनीवर हरणाची कातडी पसरून तो आणि त्याचा सोबती झोपले, आणि चक्क विश्रांती मिळाली म्हणून खूश झाले.

दुसरा साक्षीदार त्याहून मोलाचा. पेर काल्म, स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनेयसचा शिष्य, वनस्पती गोळा करायला अमेरिकेत आलेला. १७४८-४९चा हिवाळा त्याने रकून नावाच्या वस्तीत काढला. ती वस्ती म्हणजे आजचं स्वीड्सबरो, आणि आपलं हे घर ज्या रस्त्यावर आहे त्याचं नाव स्वीड्सबरो रोड. काल्मने तिथल्या नव्वदी ओलांडलेल्या एका म्हाताऱ्याला बोलतं केलं. म्हाताऱ्याने सांगितलं : पहिली घरं म्हणजे एकच लहान खोली. काच आणलेली नव्हती, म्हणून खिडकी म्हणजे भोक आणि त्याच्यापुढे सरकती फळी. मायदेशी ओंडक्यांच्या फटींत शेवाळ कोंबायचे. इथे कामाचं शेवाळ मिळालं नाही, म्हणून दोन्ही बाजूंनी माती लिंपली. कोपऱ्यातली चूल दगडाची, दगड नसेल तिथे नुसत्या जाड मातीची.

शेवाळाच्या जागी माती. या एका बदलापाशी मी नेहमी थबकतो. हात जुना, जंगल नवं. जे मिळेना त्याच्याऐवजी जे मिळालं ते. 'मायदेशाची कला परक्या भूमीत रुजली' वगैरे स्मरणिकांमधली वाक्यं मला कृत्रिम वाटतात, पण फटीतली माती तसं काही न बोलता तेच दाखवते.

वयाचा प्रश्न

आता अडचण. वर सांगितलेली प्रत्येक खूण घर कुणाच्या परंपरेतलं आहे हे सांगते, कधीचं आहे हे सांगत नाही. हाच सांधा, हीच कोपऱ्यातली चूल १६४० मध्ये होती, १६७९ मध्ये डांकर्ट्सने पाहिली, आणि त्यानंतरही लोक तशीच घरं बांधत राहिले. त्यामुळे सांध्यावरून थेट १६३८ला उडी मारता येत नाही. शिवाय १६३८ला वसाहत होती ती नदीच्या पश्चिम काठावर, क्रिस्टिना गढीभोवती. गिब्सटाउन पूर्व काठावर आहे. स्वीडिशांनी त्या काठावर एल्फ्सबोर्ग ही गढी बांधली १६४३ मध्ये, तीही बरीच खाली दक्षिणेला, आणि डासांना कंटाळून काही वर्षांत सोडून दिली. रकून खाडीच्या भागात या लोकांची वस्ती दाट झाली ती नंतरच्या दशकांत. कुणी एकटा फिन आधीच पलीकडे जाऊन राहिला नसेल असं नाही. पण 'नसेल असं नाही' एवढ्यावर २९ लाख डॉलर मागायचे?

लाकडाचं वय काढायची रीत आहे. ओंडक्यात पेन्सिलएवढी नळी घालून लाकडाची सळी काढतात, वर्षागणिक वाढलेल्या वलयांची रुंदी मोजतात आणि त्या भागातल्या जुन्या लाकडांच्या माहीत असलेल्या क्रमाशी जुळवतात. ओक या कामाला उत्तम. पण ओंडका तासलेला असेल तर सालीलगतची वलयं कुऱ्हाडीने गेलेली असतात. मग झाड कोणत्या साली पाडलं ते मिळत नाही, अमुक सालानंतर पाडलं एवढंच मिळतं. म्हणून जाणकार सालीचा कड शाबूत असलेला ओंडका शोधतात, बहुतेकदा माळ्यावर किंवा जमिनीखालच्या तुळयांत. एका ओंडक्यावर भागत नाही, कारण जुन्या घराचा धड ओंडका नव्या घरात लावणं ही सगळ्या जगातल्या सुतारांची रीत आहे.

या चाचणीचा धसका का असतो, ते केंटकीतल्या हॉजेनव्हिलला कळतं. तिथे ग्रॅनाइट-संगमरवराच्या देवळासारख्या इमारतीत एक लॉग केबिन ठेवलंय. १९०९ मध्ये थिओडोर रूझवेल्टने पाया घातला, १९११ मध्ये इमारतीचं लोकार्पण झालं, लिंकनच्या आयुष्याच्या ५६ वर्षांसाठी ५६ पायऱ्या केल्या, आणि आत लिंकनचं जन्मघर म्हणून हे केबिन बसवलं. ते मावेना म्हणून आकाराने लहान केलं. २००४ मध्ये वलयं मोजली, तर सर्वांत जुनं लाकूड १८४८चं निघालं. लिंकनचा जन्म १८०९चा. आता पाटीवर 'प्रतीकात्मक' हा शब्द आहे.

अमेरिकेला लॉग केबिनचं हे वेड राजकारणाने लावलं. १८४० च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत विल्यम हेन्री हॅरिसनला 'लॉग केबिनातला साधा माणूस' म्हणून उभं केलं आणि तो निवडून आला. प्रत्यक्षात तो व्हर्जिनियातल्या गडगंज मळेवाल्याचा मुलगा. त्याच्या वडिलांनी १७७६च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केली होती. त्याच कागदावर जॉन मॉर्टनचीही सही आहे. पेन्सिल्व्हेनियाच्या प्रतिनिधींत जाहीरनाम्याच्या बाजूचं पारडं जड करणाऱ्यांपैकी हा एक, आणि याचे पणजोबा डेलावेअरकाठी आलेल्या फिनांपैकी. खरा लॉग केबिनवाला तो. त्याचं नाव अमेरिकेतल्या शाळेतल्या मुलांनाही आठवत नाही.

नोंद झाली म्हणजे वाचलं, असं नाही

आपल्याकडे 'हेरिटेज' यादीत नाव आलं की मालक कपाळाला हात लावतो, कारण परवानगीशिवाय खिळा ठोकता येत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदवहीचं उलटं आहे. १९६६च्या कायद्याने ती सुरू झाली. केंद्र सरकारचा पैसा किंवा परवाना गुंतलेलं काम त्या वास्तूला बाधत असेल तर आधी विचारविनिमय करावा लागतो, बस. खासगी मालकाने स्वतःच्या पैशाने घर पाडायचं ठरवलं तर ही नोंद त्याचा हात धरत नाही. धरलाच तर गावाचा किंवा नगरपालिकेचा स्वतःचा नियम धरतो. दुरुस्तीच्या खर्चावर केंद्राची २० टक्के करसवलत आहे, पण ती उत्पन्न देणाऱ्या वास्तूंना. मालक स्वतः राहत असेल तर तीही नाही. म्हणजे नॉथनेगल घरात राहून, लोकांना फुकट घर दाखवून ते सांभाळणाऱ्यांच्या पदरात मानाशिवाय काय पडलं? २९ लाखांचा आकडा मी वर हसण्यावारी नेला, पण घर सांभाळणाऱ्यांच्या बाजूने पाहिलं की तो तितकासा हास्यास्पद वाटत नाही.

नोंदवहीत नाव येताना सात गोष्टी बघतात : जागा, आराखडा, परिसर, साहित्य, कारागिरी, वास्तूची जाणवणारी भावना आणि इतिहासाशी नातं. यांत जागा आणि कारागिरी या घराच्या सर्वांत भक्कम बाजू. तुलनेला जवळच्या स्वीड्सबरोमधलं दुसरं घर घ्या. मॉर्टन्सन-व्हॅन लीर नावाचं ओंडक्यांचं केबिन १९८९ मध्ये मूळ जागेवरून हलवून तिथल्या जुन्या स्वीडिश चर्चच्या आवारात आणलं. वाचवायचं तर दुसरा मार्ग नव्हता असं म्हणता येईल, आणि ओंडक्यांचं घर हलवता येतं हीच त्याची खुबी. पण हललेलं घर आता चर्चच्या अंगणातली वस्तू आहे. नॉथनेगल घर जिथे उगवलं तिथेच आहे. अठराव्या शतकात त्याला मोठी जोडखोली आली आणि मूळ खोली नव्या घराच्या कुशीत गेली. जोडकाम पाडून 'मूळ रूप' दाखवावं असं कुणाला सुचलं तर त्याच्या हातून कुदळ काढून घ्यावी. बाहेरचा ऊन-पाऊस त्या बाजूने अडवला तो याच जोडखोलीने, आणि माणसं राहती राहिली ती तिच्यामुळेच. नाही तर त्या एका खोलीची कधीच कोंबड्यांची खुराडी झाली असती.

परिसर मात्र पार बदलला. १८८० मध्ये याच गिब्सटाउनात नदीकाठी रेपॉनो इथे डायनामाइटचा कारखाना निघाला. चार वर्षांत तिथल्या स्फोटात खुद्द संस्थापक लामोट ड्यू पाँट ठार झाला. ओंडक्यांची खोली तेव्हाही उभी होती.

प्रतिकृतीचा धडा वेगळा आहे. १९८८ मध्ये वसाहतीला ३५० वर्षं झाली म्हणून न्यू जर्सीतल्याच ब्रिजटनमध्ये स्वीडिश शेतघरांचा एक समूह नव्याने बांधला, स्वीडनचा राजा येऊन गेला. काही वर्षांत देखभालीचे पैसे आटले, माणसं आटली, लाकूड कुजू लागलं आणि ते बंद पडलं.

माझं मोजमाप

समजा उद्या वलयं मोजली आणि उत्तर आलं १६९० नंतर. काय जाईल? मथळा जाईल. किमतीतलं एखादं शून्य जाईल. १६३८ची जहाजं आणि हे घर यांना जोडणारी थेट रेघ जाईल, आणि ती जाणं लहान नुकसान नव्हे. पहिल्या पिढीच्या हातचं काम आणि नातवाच्या हातचं काम यांत फरक असतोच. उरेल काय? खिळ्याशिवायचे कोपरे. कोपऱ्यातली चूल. काल्मच्या म्हाताऱ्याने सांगितलेली खोली, त्याच्याच गावाच्या रस्त्यावर. आणि उलट एक नवी गोष्ट हाती येईल : वसाहत बुडाल्यावर, राज्य इंग्रजांचं झाल्यावरही या लोकांनी घर बांधायची वेळ आली तेव्हा आपलीच रीत धरली. झेंडा बदलल्यानंतर ३५ वर्षांनी कापलेला सांधा मला झेंडा असताना कापलेल्या सांध्यापेक्षा कमी बोलका वाटत नाही.

विकत घेणारा कुणीही असो, ट्रस्ट असो की गाव, पहिला पैसा प्रयोगशाळेला देऊ नये. तो छपराच्या पन्हळीला आणि सर्वांत खालच्या ओंडक्याला द्यावा. जमिनीलगतचा ओंडका आधी कुजतो, तो बसला की वरचे सगळे सांधे उघडतात. फटी सिमेंटने बुजवण्याचा मोह तर अजिबात नको. सिमेंट हलत नाही, लाकूड हलतं, मधल्या चिरेत पाणी शिरतं आणि आतून ओंडका पोखरला जातो. कुजलेला भाग तेवढाच काढून त्याच जातीचं लाकूड त्याच मापाने बसवावं आणि नवं कोणतं ते लिहून ठेवावं. त्यानंतर प्रत्येक कोपऱ्याचं माप घ्यावं. नळी घालून सळी काढायची ती सगळ्यात शेवटी, माळ्यावरच्या साल असलेल्या तुळईतून, जिथे पडलेलं भोक कुणाला दिसणार नाही.